बारवीच्या वळणावरचे शनिवार

साडेसाती माझी, उपाय बायकोचा आणि केळी माकडांची, अशी आमच्या शनिवारची वाटणी होती.

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होतो. एका वर्षी कारखान्याचे मालक बदलले, माझ्या वरची खुर्ची माझ्याहून बऱ्याच लहान माणसाला मिळाली, आणि मी घरी येऊन ताटं आपटायला लागलो. बायकोनं माझी पत्रिका तिच्या माहेरच्या ज्योतिषांना दाखवली. त्यांनी सांगितलं, शनी मागे लागलाय, शनिवारी मारुतीला तेल घाला आणि माकडांना केळी द्या. तेलाचं मी बिल्डिंगसमोरच्या देवळात उरकलं असतं. पण बदलापुरात माकडं आणायची कुठून? इतक्या बिल्डिंगी झाल्यात की इथं माणसालाच टेकायला जागा नाही. मग आम्ही बदलापूर गाव मागे टाकून बारवी धरणाच्या रस्त्याला जायला लागलो. तिथं जंगल आहे आणि जंगलात लाल तोंडाची माकडं.

यथावकाश शनी गेला. बढती काही मिळाली नाही. शनिवार मात्र राहिले, कारण बायकोला त्यांची गोडी लागली होती. मी रिटायर झालो तरी ते चालूच होते.

केळी बदलापुरात मिळत नाहीत असं नाही. पण तिला केळी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधलीच लागायची. तिथं तिचं माहेर. शुक्रवारी संध्याकाळी ती आईकडे जायची आणि येताना गल्लीच्या तोंडावरच्या सिंधी फळवाल्याकडून पिकत आलेली केळी घ्यायची. तो तिला लहानपणापासून ओळखत होता आणि अजून 'दीदी' म्हणायचा. मी तिला आणायला गेलेलो असलो की "दीदी, बंदर को इतना अच्छा माल? साहब को क्या खिलाती हो?" असं तो मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा. ती म्हणायची, "साहब को शनी खिलाता है." मग दोघं हसायचे आणि मी पिशवी उचलून पुढे व्हायचो.

धरणाच्या अलीकडे एक आंधळं वळण आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कठडा आणि त्याच्याखाली ओढ्यापर्यंत उतरलेली झाडी. वळणाआधी पाटी होती, 'पुढे वळण आहे, हॉर्न द्या'. पाटी नसती तरी बायकोनं मला हॉर्न द्यायला लावलाच असता. "अहो, कोणाच्या दारात न सांगता जातात का? वाजवा." मी वाजवायचो. मग वरच्या झाडांत खसफस, खालच्या झाडांत खसफस, आणि बघता बघता दोन्ही बाजूंनी सगळं कुटुंब रस्त्यावर यायचं. सगळ्यात पुढे एक म्हातारी माकडीण. तिचा एक कान फाटलेला होता. ती पहिला वाटा घ्यायची, दुसऱ्यांच्या वाट्याकडे बघायची आणि तरी तोंड वाकडंच. बायकोनं तिचं नाव जाऊबाई ठेवलं. माझ्या थोरल्या वहिनींना हे कधी कळलं नाही, देवाची कृपा.

मला माकडं आवडत नाहीत. एकदा एकानं माझा चष्मा पळवला होता. म्हणून मी काच वर करून गाडीत पेपर वाचत बसायचो. ती फणीतली केळी एकेक सुटी करून कठड्यावर मांडायची आणि मांडता मांडता बोलायची. जाऊबाईंशी. घरातलं सगळं. मुलीच्या सासूचं, आमच्या मजल्यावरच्या पाण्याचं, माझ्या घोरण्याचं. पहिल्यांदा मला त्याचं हसू यायचं. नंतर मी काच बोटभर खाली ठेवायला लागलो, कारण घरात मला न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी तिथं कळायच्या. नवरा-बायको एका ओट्याभोवती आयुष्य काढतात, आणि खरं बोलायला एकाला माकड लागतं.

एका शनिवारी तिथंच मी ऐकलं, "जाऊबाई, डॉक्टरांनी परत तपासायला बोलावलंय. यांना अजून सांगितलं नाही. उगाच रात्रभर जागतील." मी पेपराचं पान उलटलं. पुढचं पान कशाचं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं घरी गेल्यावर जेवणं झाल्यावर सांगितलं, आणि मी पहिल्यांदा ऐकतोय असा चेहरा केला. तेवढं मला जमलं.

ती गेल्याला आता तीन वर्षं होऊन गेली.

दिवसपाणी झालं, पाहुणे गेले, मुलगी पुण्याला परत गेली. शनिवारी सकाळी उठलो आणि काय करावं सुचेना. गाडी काढली. कोपऱ्यावरच्या टपरीवर दिसली ती केळी घेतली. वळणावर पोचलो आणि हॉर्न दिला. माकडं आली. जाऊबाई आली ती नेहमीसारखी कठड्याकडे गेली नाही. ती डावीकडच्या दाराशी आली, जिथून बायको उतरायची, आणि दाराकडे बघत बसली. केळ्यांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि पोटभर रडलो. घरी भेटायला आलेल्या माणसांसमोर मला रडू आलं नव्हतं. ती सगळी बिचारी तिच्याबद्दल चांगलं बोलत होती, पण ती गेलीय हे त्यांना माहीत होतं. इथं कोणीतरी अजून तिची वाट बघत होतं.

तेव्हापासून मी एकही शनिवार चुकवला नाही. शुक्रवारी कॅम्प एकला जायला लागलो, सासूबाईंना भेटायला लागलो, फळवाल्याकडून केळी आणायला लागलो. त्यानं चेष्टा करणं सोडलं. तो चांगली फणी निवडून ठेवायचा आणि म्हणायचा, "दीदी का शनिवार." कठड्यावर केळी मांडताना मीही बोलायला लागलो. म्हणजे मी, जो माकडांसमोर काच उघडायचा नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही तिकडे रमता ना, मग जात जा." मी रमत नव्हतो. मला तिथं ती सापडायची, एवढंच.

आता त्या थंडीतल्या शनिवारचं सांगतो. माझ्यापुढे एक टेम्पो होता. पाटीपाशी त्यानं नियमाप्रमाणे हॉर्न दिला. मी अजून मागे होतो, माझा हॉर्न द्यायचा होता. तेवढ्यात डोंगराकडून माकडं धडाधड उतरली आणि रस्त्यात शिरली. टेम्पोवाल्यानं वाचवलं. पण समोरून धरणाकडून एक गाडी वेगात येत होती, तिला ते वाचवता आलं नाही. ब्रेकचा आवाज आला, मग एक दबका आवाज, आणि गाडी क्षणभर थांबून निघून गेली. रस्त्यात एक तरणी माकडीण पडली होती. तिचं पिल्लू कठड्यावर चढून किंचाळत होतं. जाऊबाईनं ते ओढून पोटाशी घेतलं आणि सगळी खाली झाडीत गेली.

वळणाच्या पुढे एक बाई टोपली घेऊन बसायची. वरच्या वाडीतली. माझ्याहून लहानच असेल, पण रस्त्यावर बसणाऱ्या प्रत्येक बाईला आपण मावशी करून टाकतो, तशी मीही केली होती. बोरं, आवळे आणि शनिवारी आमच्यासारखे माकडांना खायला घालायला यायचे त्यांच्यासाठी फुटाण्याच्या पुड्या, असा तिचा माल. ती धावत आली. "भाऊ, हिला बाजूला घ्या. नायतर खायाला कोल्हा येल आनि तो पन जाईल गाडीखाली." आम्ही दोघांनी पुठ्ठ्यावर घेऊन त्या माकडिणीला रस्त्यापासून लांब, झाडाखाली ठेवलं. ती अजून गरम होती.

"एवढा हॉर्न दिला त्यानं," मी म्हणालो, "तरी मधे आली. माकडंच शेवटी."

तेवढ्यात एक ट्रक वळणाशी आला आणि त्यानं लांब हॉर्न दिला. आणि मी बघितलं. आत्ताच जीव घेऊन पळालेली माकडं परत वर आली. कठड्यावर येऊन उभी राहिली, मान लांब करून. ट्रकवाल्यानं त्यांना हाकलायला आणखी हॉर्न दिला, तशी ती आणखी पुढे आली. पिल्लाला पोटाशी धरलेली जाऊबाईसुद्धा. ट्रकवाला शिव्या घालत कसाबसा निघून गेला.

"हारन वाजला का येतात ती," मावशी म्हणाली. "खायाला आलं आसं वाटतं त्यांना. हितं काय आजचं हाय का ते? समदे शनवारवाले हारन मारूनच बोलावतात. मी पन फुटाने इकते, मी काय बोलू?"

जगातल्या सगळ्या प्राण्यांना हॉर्न म्हणजे पळा. या वळणावरच्या माकडांना आम्ही शनिवारवाल्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, हॉर्न म्हणजे या. आणि पाटी सांगत होती, प्रत्येक गाडीनं हॉर्न द्या. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, इथं कोलीत आमच्या हाती होतं. माझ्या मागच्या सीटवर केळ्यांची पिशवी होती. ती तशीच घरी आणली. दोन दिवसांत केळी काळी पडली.

मला राग आला. सगळ्यांचाच. त्या ज्योतिषाचा, वेगात गाड्या हाकणाऱ्यांचा, दर शनिवारी केळी टाकून पुण्य कमवायला येणाऱ्या लोकांचा. बायकोचाही आला, आणि तो आला याचं मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्या फोटोसमोर जाऊन मोठ्यानं म्हणालो, "अगं, तुला कुठे माहीत होतं." फोटोतली ती नेहमीसारखी हसत होती. तिला कळलं असतं तर तिनं दुसऱ्याच दिवशी बंद केलं असतं. ती तशी होती. मी तसा नाही. मी पुढच्या शुक्रवारी कॅम्प एकला गेलो आणि फळवाल्याच्या हातगाडीसमोर उभा राहिलो. फणी बाजूला काढलेलीच होती.

"अभी बंद," मी म्हणालो.

"साईं, पुण्य का काम बंद नहीं करते."

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं फणी परत ढिगात ठेवली, माझ्या हातात एक सफरचंद दिलं आणि म्हणाला, "तो फिर ये आप खाओ." मी सफरचंद खात स्टेशनपर्यंत चालत आलो.

बदलापुरात सकाळी फिरायला येणाऱ्यांत आमच्यासारखे काही रिकामटेकडे आहेत आणि काही कॉलेजची पोरंही आहेत. त्यांना सांगितलं. पोरांनी पाट्या रंगवल्या, 'माकडांना खायला देऊ नका, ती गाडीखाली येतात'. बांधकाम खात्यात खेटे घालून घालून वळणाच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक झाले. 'हॉर्न द्या' ही पाटीही एका सकाळी बदलली आणि तिथं 'वाहन हळू हाका' आलं. ती कोणी बदलली ते मला विचारू नका. रंगाच्या कारखान्यात उभी हयात गेलेल्या माणसाला काही गोष्टी येतात.

पण पाटीनं शनिवारवाले थांबतात होय! म्हणून मी आणि पोरं आळीपाळीनं तिथं उभे राहायला लागलो. एक कुटुंब लाडू घेऊन आलं. "शनीचा उपाय आहे हो काका." मी म्हणालो, "मीही शनीवालाच. लाडू देवळात वाटा, माणसांची पोरं उपाशी आहेत. मारुतीला इथं मेलेली माकडं चालतील का?" त्यातल्या आजीबाई चटकन गाडीत जाऊन बसल्या. एक जण म्हणाला, "अंकल, टेन्शन मत लो, एक रील काढतो फक्त." त्याच्याशी मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मावशीनं फुटाणे बंद केले आणि आवळा नि बोरं तेवढी ठेवली. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. "गाडी हलव, बाबा! हितं थांबायचा नाय!" लोक मला ऐकायचे नाहीत, तिला ऐकायचे.

हे सगळं जमत होतं. जमत नव्हतं ते एकच. मी मुद्दाम गाडी न नेता सहा आसनी रिक्षानं जायचो, तरी जाऊबाई मला ओळखायची. मी उभा दिसलो की ती झाडीतून वर यायची आणि कठड्यावर माझ्या शेजारी बसायची. एकदा तिनं माझ्या पँटचा पाय धरला. मी दोन्ही हात रिकामे करून दाखवले. तिनं ते उलटेपालटे करून बघितले, मग माझ्या मागे बघितलं, रस्त्याकडे. कोण उतरतंय का ते बघत असावी. मी तिला म्हणालो, "ती नाही येणार आता." दोन वर्षांत हे वाक्य मी कोणालाच म्हटलं नव्हतं. लोकांनीच मला म्हटलं होतं.

आणि माझ्या लक्षात आलं की जाऊबाई रस्त्याच्या कडेला बसलीय ती माझ्यामुळे. तिच्यामागे दोन-तीन पिल्लंही येऊन बसली होती. गाड्या हातभर अंतरावरून जात होत्या.

रात्री मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मग तुम्हीच जाऊ नका ना तिकडे. पोरं उभी राहतील." मी म्हणालो, "सोपं आहे तुला सांगणं." ती म्हणाली, "नाहीये सोपं. मलाही आईचं तेच एक ठिकाण आवडतं." फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहा केला. तो प्यायलो नाही.

मी जायचं सोडलं.

शनिवारी मी सकाळी लवकर आंघोळ करून तयार व्हायचो आणि मग खुर्चीत बसायचो. तयार होऊन न जाणं ही काय चीज आहे ते मला तेव्हा कळलं. खालून कोणाच्या गाडीचा हॉर्न आला की मला त्या दोन्ही बाजूंच्या झाडांतली खसफस ऐकू यायची. माझं मन इतकं त्या वळणाकडे ओढ घ्यायचं की एकदा मी किल्ली घेऊन लिफ्टपर्यंत गेलो. तिथून परत आलो. माकडं आवडत नसलेल्या माणसाची ही गत.

उन्हाळ्यात ओढा आटला तेव्हा मला वाटलं, आता ती रस्त्यावर येतीलच. पोरांनी फोनवर सांगितलं की येतात, पण थोडी. पावसाळ्यात जंगलात खायला भरपूर. त्या दिवसांत कोणी आलं नाही म्हणाले. गाडीखाली कोण गेलं का, हे मी प्रत्येक वेळी शेवटी विचारायचो, सहज विचारल्यासारखं. एक मुंगूस गेलं होतं, एक घोरपड. माकड नाही.

दिवाळी झाल्यावर मावशीनं एका पोराच्या फोनवरून मला फोन केला. "भाऊ, बगाया या. आता या, काय नाय होत."

मी गाडी काढली. वळणाच्या बरीच अलीकडे लावली आणि चालत गेलो. दोन्ही गतिरोधकांवर गाड्या हळू होत होत्या. मावशीनं मला कठड्यापाशी नेलं आणि खाली बोट केलं. ओढ्याच्या काठाला एक मोठं उंबर होतं, फळांनी लगडलेलं. त्यावर सगळी होती. ते पिल्लूही असावं, आता ओळखू येण्यासारखं राहिलं नव्हतं. जाऊबाई एका जाड फांदीवर आमच्याकडे पाठ करून बसली होती. फाटका कान इथूनही दिसत होता. ती उंबरं तोडत होती, एक खात होती, दोन टाकत होती.

मागून एक ट्रक आला. गतिरोधकावर थांबल्यासारखा झाला, पण जुन्या सवयीनं त्यानं हॉर्न दिला, चांगला लांब. मी तिच्याच कानाकडे बघत होतो.

कोणी वळून बघितलं नाही. तिनंही नाही. तिनं आणखी एक उंबर तोडलं.

"बगा," मावशी म्हणाली, "इसरली."

मी मान हलवली. मला हेच हवं होतं, वर्षभर याच्याचसाठी भांडलो होतो, आणि मला आनंदही झाला, खोटं कशाला सांगू. मावशी टोपलीकडे गेली. मी तिथंच उभा राहिलो. त्या वळणावर बायकोची वाट बघणारा आता मी एकटाच होतो.